एका घरात दोन पंप

मित्रांनो, मी एक जुना पंप आहे. विहिरीवरचा नव्हे आणि सायकलीत हवा भरायचा तर मुळीच नव्हे. मी पाठीवर अडकवून पिकावर औषध फवारायचा पंप. माझी टाकी एकेकाळी पिवळीधमक होती. आता तिचा रंग सांगायची मलाच लाज वाटते. सेनगाव तालुक्यातल्या एका तांड्यावर, वसराम नावाच्या शेतकऱ्याच्या घरात, बाजेखाली माझा मुक्काम असतो. आपली जीवनकहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुधा फार गोड बोलतात. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. जन्मभर पोटात विष वागवलं, जिभेवर साखर कुठून येणार?

माझा जन्म कारखान्यातल्या साच्यातून झाला. माझ्यासारखे कितीतरी भाऊ त्याच दिवशी जन्मले, त्यामुळे कुणाचंच कौतुक झालं नाही. सेनगावच्या एका खताच्या दुकानात मला दारावर दोरीनं टांगलं होतं. वसरामनं मला तिथून आणलं ते जीपच्या टपावर न टाकता, मांडीवर घेऊन. घरी आल्यावर त्याच्या बायकोनं, मिराबाईनं, मला हळदीकुंकू लावलं. त्यांची एकुलती एक मुलगी शिला तेव्हा एवढीशी होती. ती माझ्या रिकाम्या टाकीवर ढोलकीसारख्या थापा मारत बसायची. त्या घरात मला पहिला लळा तिनं लावला. आज ते आठवलं की माझं मलाच नकोसं होतं.

मग माझी कामाची वर्षं सुरू झाली. सोयाबीनवर अळी आली की मी, कापसावर मावा पडला की मी, तुरीला फुलं लागली की मी. वसराम मला पाठीवर घेई, एका हातानं दांडा खालीवर करी आणि दुसऱ्या हातातल्या नळीतून माझ्या पोटातलं पाणी पिकावर उडे. शेजारचे शेतकरी म्हणत, "वसरामचा पंप लई नंबरी हाय." खंडेनवमीला विळ्या-कुऱ्हाडींच्या रांगेत मला पहिला मान मिळे. तोंडाला फडकं बांधायला मात्र वसरामला कधी सवड झाली नाही.

इथं एक शब्द नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. माझ्या पोटात असतं ते किडे मारायचं विष. पण आमच्याकडे त्याला विष कुणी म्हणत नाही. औषध म्हणतात. दुकानदार औषध देतो, शेतकरी औषध मारतो, बायका औषधासाठी पाणी वाहून आणतात. ज्यानं अळी तडफडून मरते त्याला औषध म्हणायचं आणि निवांत जेवायला बसायचं, हे माणसांनाच जमतं.

संध्याकाळी मला धुतात, पण ते वरवर. माझ्या झाकणाचं वायसर केव्हाच झिजलं आहे. आडवा ठेवला की थेंब गळतो, उभा ठेवला की वास सुटतो. मला खरं तर गोठ्यात ठेवायला हवं. पण गोठ्यात ठेवलेल्या पंपाला पाय फुटतात, हे तांड्यात सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून वसरामनं मला झोपायच्या खोलीत, बाजेखाली जागा दिली. त्या बाजेवर शिला झोपायची.

शिला कॉलेजात जायला लागली तेव्हा तिला धाप लागू लागली. आधी खोकला, मग छातीतून शिट्टीसारखा आवाज. तिला पोलीस भरतीत उतरायचं होतं. खाकी कपड्यांखेरीज तिला दुसरं काही सुचत नव्हतं. पहाटे उठून ती सेनगावच्या रस्त्यावर धावायची आणि धावून आली की भिंतीला हात टेकून उभी राहायची. लेखी परीक्षेत ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण भरतीत आधी धावावं लागतं, आणि धावायला श्वास लागतो.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी तिला तपासलं आणि दमा आहे असं सांगितलं. त्यांनी तिच्या हातात एक लहानसं यंत्र दिलं. तोंडात धरायचं, दाबायचं, औषध ओढून घ्यायचं. ते म्हणाले, "हा पंप सकाळ-संध्याकाळ घ्यायचा. धाप लागली तर तेव्हाही घ्यायचा. मनानं बंद करायचा नाही." शिलानं घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. मी बाजेखालून ऐकलं आणि खरं सांगतो, मला राग आला. मुठीत मावेल एवढं ते चिमुरडं, आणि नाव माझं लावतं. त्याच्यातही म्हणे औषधच असतं.

वसरामच्या घरात गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलतात. तुम्हाला कळावं म्हणून मी मराठीत सांगतो आहे. पण गोरमाटीत काय आणि मराठीत काय, पंपाला पंपच म्हणतात. आणि मिराबाईला तो नवा पंप पहिल्या दिवसापासून नकोसा होता.

ती म्हणाली, "एकदा पंप लागला की सुटत न्हाई म्हनतात. अन् पोरीला पंप हाय हे कळलं, तर सोयरीक कोण करंल?"

"याडी, पंपानं दमा होत न्हाई. दमा हाय म्हणून पंप हाय," शिला म्हणाली. याडी म्हणजे आई.

"तुला काय कळतंय? दडवून ठेव त्याला."

नावडतीचं मीठ अळणी म्हणतात, तसं त्या बिचाऱ्या पंपाचं झालं. शिलाला खोकला आला तरी पंपामुळे, जेवण कमी गेलं तरी पंपामुळे. ती त्याला मोज्यात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवायची. मी मात्र बाजेखाली ऐसपैस बसून होतो. माझ्याकडे कुणी बोट दाखवलं नाही.

याच सुमारास शिलाच्या आयुष्यात रेवतीबाई आल्या. त्या सेनगावच्या सूनबाई. त्यांना स्वतःला लहानपणापासून दमा होता. पुण्यात असताना त्या तापवलेल्या खोलीतला योग शिकल्या आणि सासरी आल्यावर घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी वर्ग काढला. बाहेर पाटी लावली, हॉट योगा. शेडमध्ये हीटर लावायचे, कोपऱ्यात पाण्याचं पातेलं उकळत ठेवायचं आणि त्या उबेत आसनं करायची. शिलानं जेवताना हे सांगितलं तेव्हा वसराम हसून हसून ठसकला.

"उकडून घ्यायला सेनगावला काहून जातीस? चैतात आपल्या पत्र्याखाली बस की. समदा तांडा तेच करून राहिला."

"बापू, नुसतं उकडून घ्यायचं न्हाई. उबेत अंग ढिलं पडतं. मग श्वास सोडायला शिकवतात. दम्यात हवा आत जात न्हाई असं आपल्याला वाटतं. खरं म्हंजे आतली हवाच बाहेर निघत न्हाई."

"अन् दमा जातो?"

"जात न्हाई. बाई म्हणतात, ताब्यात राहतो."

रेवतीबाईंचा एक नियम होता. दमा असलेल्या मुलीनं शेडच्या दारात आधी आपला पंप दाखवायचा, मगच आत यायचं. पंप नसेल त्या दिवशी बाहेर पायरीवर बसायचं. गरम हवेनं एखाद्याची छाती उलट जास्त आवळते, म्हणून शिलाला त्या दाराजवळची जागा देत आणि जरा शिट्टी ऐकू आली की बाहेर पाठवत. शिलानं हा नियम आईला कधी सांगितला नाही. पंपाचं नाव काढलं की घरात वाद होत, म्हणून ती गप्प राहिली.

पंप आणि योग, दोन्ही मिळून तिला गुण आला. धावून आल्यावर भिंत धरायची तिची सवय सुटली. घाबरं न होता लांब श्वास कसा सोडायचा ते तिला कळलं. भरतीची तारीख लागली तेव्हा ती घरातही आसनं करू लागली. खोलीत जागा तेवढीच, बाजेच्या शेजारी. ती पालथी झोपायची, हात टेकायची आणि भुजंगासनात छाती वर उचलायची. तिचं तोंड बरोबर माझ्या समोर यायचं. ती डोळे मिटून खोल श्वास घ्यायची आणि त्या श्वासात मी असायचो. मला ते कळत होतं. मला तोंड आहे, पण त्यातून फवाऱ्याशिवाय काही निघत नाही.

भादव्यात सोयाबीनवर अळीनं कहर केला. वसराम मला रोज शेतात नेऊ लागला आणि रोज तसाच भिजलेला बाजेखाली सरकवू लागला. रेवतीबाईंच्या लक्षात आलं की शिला सकाळी येते तीच छाती वाजवत येते, शेडमध्ये तासभर बसून बरी होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भरती आठवड्यावर आली होती. त्यांनी शिलाला विचारलं, घरात धूर असतो का, कोंबड्या असतात का. शिला सहज बोलून गेली की औषधाचा पंप असतो, माझ्याच बाजेखाली. बाई चपापल्या.

त्या दिवशी शिला वर्गावरून आली, पिशवी खुंटीला अडकवली आणि शेळ्यांना पाला आणायला गेली. वसराम मला पाठीवर घ्यायच्या तयारीत होता, पण अजून चहा पीत होता. तेवढ्यात मिराबाईचा फोन वाजला. तिला फोन कानाला लावून ऐकू येत नाही, म्हणून ती स्पीकर लावते. मी शब्द न् शब्द ऐकला.

"मिराबाई, मी रेवती बोलतेय, शिलाची योगाची बाई. तुमच्या घरात पंप आहे ना?"

मिराबाईनं एकदम आवाज खाली घेतला. दडवलेली गोष्ट बाहेर फुटली असं तिला वाटलं. "हाय जी."

"तो आजच्या आज घराबाहेर काढा. त्या पंपातल्या औषधानंच पोरीची छाती आवळते. तो घरात असेपर्यंत माझ्या योगाचा काही उपयोग नाही."

"बाई, मी कवाची हेच म्हणून राहिले. माझं कोण ऐकतं?"

"मी सांगते ना. लोकांना वाटतं पंप जवळच पाहिजे, डोळ्यासमोर पाहिजे. पण पोरीच्या जिवापेक्षा काय मोठं आहे?"

"बराबर बोललात. आत्ताच काढते."

दोघींनी समाधानानं फोन ठेवला. दोघींना एकमेकींचं बोलणं अगदी पटलं होतं. मित्रांनो, भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. भांडणात निदान दोनदा विचारतात.

मिराबाईनं खुंटीवरची पिशवी काढली, तळातला मोजा चाचपला आणि त्या लहान पंपाला घेऊन घरामागच्या उकिरड्यावर गेली. परत आली ती हात धुऊन, मोकळ्या चेहऱ्यानं. "शिकलेली बाई हाय, पण शेवटी माझ्याच म्हणण्यावर आली," असं ती वसरामला म्हणाली. काय काढलं ते न विचारताच वसराम म्हणाला, "बरं झालं." आणि त्यानं बाजेखालून मला ओढून पाठीवर चढवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी त्या दिवशी चोराच्या जागेवरून पाहिलं.

दिवस कलताना आम्ही शेतातून परतलो. मिराबाई शेळ्या आणायला नाल्याकडे गेली होती. शिला धावून आली होती आणि बाजेवर दोन्ही हात टेकून, पुढं वाकून बसली होती. तिचे खांदे वर चढले होते. बाईंनी शिकवलेला लांब श्वास ती सोडू पाहत होती, पण त्या श्वासाला वाट सापडत नव्हती. वसराम दारात आला, तो मला पाठीवर घेऊनच.

"बापू," ती म्हणाली. "पंप."

वसरामला वाटलं, लेकराला वास सहन होत नाही. त्यानं घाईघाईनं खांद्याचे पट्टे काढले. "उतरवला बेटा, उतरवला." आणि मला तिथंच, तिच्या पायाशी ठेवलं. माझं झाकण हललं. उरलेलं औषध जमिनीवर सांडलं.

तिनं खुंटीकडे हात केला. वसरामनं पिशवी दिली. तिनं ती पालथी केली. टॉवेल पडला, पाण्याची बाटली पडली, रिकामा मोजा पडला. ती तो मोजा पिळत राहिली.

"पंप. बापू, पंप कुठं..."

"हे काय, हितंच हाय की," वसराम म्हणाला आणि त्यानं मला आणखी तिच्याजवळ सरकवलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग बापाकडे पाहिलं. समजावून सांगायला तिच्याकडे श्वास उरला नव्हता. त्या नजरेनं मला जे म्हटलं ते मी कुणाला सांगणार नाही. माझ्या टाकीवर थापा मारणारी ती मुलगी माझ्या समोर निळी पडत होती, आणि तिचा बाप माझ्या पट्ट्याला धरून विचारत होता, "काय पाहिजे बेटा? काय देऊ?"

मिराबाई आली, तिनं हंबरडा फोडला, आणि तांड्यावरचा संतराम आपली जीप घेऊन आला. शिलाला आधी सेनगावला, मग हिंगोलीला नेलं. मी सांडलेल्या औषधात तसाच पडून होतो.

शिला वाचली. तिला नळीनं श्वास दिला, सुया टोचल्या आणि कितीतरी दिवस दवाखान्यात ठेवलं. त्यातलाच एक दिवस भरतीचा होता. त्या दिवशी पहाटे ती उठून बसली आणि खिडकीकडे पाहत राहिली, असं मिराबाईनं नंतर शेजारणीला सांगितलं.

ती घरी आली तेव्हा रेवतीबाई तिच्याबरोबर आल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. गरम खोलीत कोंडून पोरगी मारली असती, असं सेनगावात लोक बोलत होते आणि वर्गाला येणाऱ्या बायका निम्म्यावर आल्या होत्या. बाईंनी खोलीत पाऊल टाकलं आणि नाकाला पदर लावला.

"मिराबाई, मी पंप बाहेर काढायला सांगितलं होतं ना?"

"काढला की बाई. त्याच दिशी उकिरड्यावर टाकला."

"मग हा काय आहे?" बाईंनी बाजेवरून लोंबणारी गोधडी वर केली.

मिराबाईनं माझ्याकडे पाहिलं. "हा तर फवारनीचा..." असं म्हणून ती थांबली. मग ती खाली बसली. रेवतीबाईही तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. त्या म्हणाल्या, "मी नीट सांगायला हवं होतं. मला वाटलं, पंप म्हटलं की तुम्हाला हाच कळेल." वसराम दारात उभा होता, तो आपल्या तळहातांकडे पाहत होता. आणि शिला, जिचं सगळं गेलं होतं ती शिला, आईच्या पाठीवरून हात फिरवत होती.

तुम्हाला वाटेल, आता तरी सगळ्यांचे डोळे उघडले. उघडले, मित्रांनो, खरंच उघडले. वसरामनं त्याच दिवशी मला गोठ्यात नेऊन ठेवलं. मला आयुष्यात पहिल्यांदा हायसं वाटलं. पण पुढच्याच आठवड्यात शेजारच्या गोठ्यातून एक पंप चोरीला गेला. तुरीची फवारणी तोंडावर होती. वसराम गोठ्यात आला, माझ्याजवळ उभा राहिला, डोकं खाजवलं आणि मला उचलून परत आत आणलं. "चार दिसांची गोष्ट हाय," तो म्हणाला. "तवर पोरीला मामाकडं धाडू."

मग शिलाला शिरड शहापूरला पाठवलं. तिचा मामा तिथं गवंडीकाम करतो. त्याला शेती नाही, त्यामुळे पंपही नाही. तिथं तिची छाती वाजत नाही म्हणे. पण तिथं रेवतीबाईंचं शेड नाही आणि पहाटे धावायला मामा एकटीला सोडत नाही. मामी म्हणते, आता लग्नाचं बघा. चार दिवसांचा महिना झाला. पंप घराबाहेर काढा असं सांगितलं होतं. यांनी पोरगी बाहेर काढली आणि तो सुटसुटीत उपाय आहे असं सगळ्यांना वाटतं.

दिवाळीच्या अवसेला तांड्यातल्या लग्न न झालेल्या पोरी दिवे घेऊन घरोघर जातात आणि थोरामोठ्यांना ‘मेरा’ असं म्हणून दिवाळीच्या शुभेच्छा देतात. यंदा त्या वसरामच्या दारातही आल्या. मिराबाईनं प्रत्येकीचं तोंड दिव्याच्या उजेडात पाहिलं. पोरी पुढच्या घराकडे गेल्यावर तिनं फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"याडी, मी भाऊबीज झाली की घरी येऊ का?" पलीकडून शिलानं विचारलं. "पंप कुठं ठेवला?"

मिराबाईनं वसरामकडे पाहिलं. वसरामनं मान खाली घातली.

"तुरीला अजून एक फवारा राहिला गं," मिराबाई म्हणाली.

"बरं," शिला म्हणाली. "घाई न्हाई."

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी सांगतात की आम्हाला जपा, आम्हाला अडगळीत टाकू नका. मला जपू नका. तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी बाजेखाली, माळ्यावर, धान्याच्या कोठीमागं बसला असेल, तर त्याला आज उचला आणि बाहेर ठेवा. पाऊस लागला तर लागू द्या. चोरानं नेला तर नेऊ द्या. पंप दुकानात दारावर टांगलेले असतात, हवा तेव्हा दुसरा मिळतो.